किंगफिशर्सचे तीन हंगाम

१४ नोव्हेंबर २००३

प्रतिमाताईंनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, व्हिसाचं काहीतरी बिनसलं. क्लिनिक त्यांचं, माझा एच-वन त्यांच्याकडून, त्यामुळे त्यांनी नुसतं "बस" म्हटलं तरी मी आधी मनात कागदपत्रं मोजते. निघालं भलतंच. जवळच्या अरीनात एक नवीन प्रोफेशनल टीम येतेय, इनडोअर लॅक्रॉसची. त्यांना शनिवार-रविवारसाठी फिजिओथेरपिस्ट हवी आहे. क्लिनिकमधले बाकीचे नको म्हणाले.

"ताई, मला लॅक्रॉसमधला ल कळत नाही."

"गुडघे कळतात ना? मग झालं."

घरी येऊन नवऱ्याला, सिद्धेशला सांगितलं. टीमचं नाव रॅरिटन किंगफिशर्स. तो हसतच सुटला. "बिअरवाल्यांनी टीम काढली की काय?" आता आमच्या एडिसन गावातला प्रत्येक देशी माणूस मला हेच विचारणार. लोगोवर खरंच खंड्या आहे, चोचीत चेंडू धरलेला.

मला जायचं आहे. नागपूरला मी कॉलेजच्या हॉकी टीमबरोबर फिरायचे. इथे तीन वर्षं सगळ्या आज्यांचे आखडलेले खांदे.

२८ डिसेंबर २००३

दोन दिवस प्रॅक्टिस पाहिली. टोकाला जाळी असलेली काठी, त्या जाळीत रबरी चेंडू झेलायचा, फेकायचा, गोलात मारायचा. खेळ आइस हॉकीच्या रिंकवरच. बर्फावर फळ्या, फळ्यांवर हिरवं कार्पेट. खालून गार वारा पायात शिरतो. आणि मारामारी! काठीने दंडावर, पाठीवर मारणं नियमात बसतं. डोक्यावर मारणं बसत नाही, पण काठी बसतेच.

प्रोफेशनल म्हणजे कोट्यधीश असतील असं वाटलं होतं. यातला एक फायरमन आहे, दोघे शाळेत शिकवतात, एक ट्रक चालवतो. बरेचसे कॅनडाचे. शुक्रवारी कामावरून थेट विमानात, रविवारी परत. कॅप्टन ग्लेन मॅकार्टी ऑन्टारियोतल्या एका गावात सुतारकाम करतो, घरांची छपरं बांधतो. छत्तीस वर्षांचा. डावा गुडघा पार खिळखिळा. मी तपासत होते तर म्हणाला, "डॉक, हा गुडघा अजून तीन सीझन चालव. मग काढून घे."

मी डॉक्टर नाही म्हटलं तरी डॉकच म्हणतो. माझं मसाजचं टेबल गाडीपर्यंत त्याने उचलून आणलं.

१० जानेवारी २००४

जिंकलो!! घरची पहिलीच मॅच. खालचा मजला पूर्ण भरला होता. खेळ चालू असतानाही मोठ्याने गाणी वाजतात, कानठळ्या बसतात. शेवटच्या मिनिटाला ग्लेनने दोघांना अंगावर घेऊन गोल मारला आणि मी चक्क शिटी वाजवली.

नंतर सगळे लॉकर रूममध्ये गोल करून उभे. मी दाराशी होते. ग्लेनने हाताने मला आत ओढलं. "आपण सगळे म्हणजे सगळे," म्हणाला. या देशात मला धरून "आपण" म्हणणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं.

घरी इशिता जागी होती. "डिड दे विन, आई?" मी तिला उचलून नाचले. सिद्धेशने डोळे उघडले नाहीत.

२१ मार्च २००४

त्यानंतर दोनच मॅचेस जिंकल्या. काल तर धुव्वा उडाला. एका दांडगटाने ग्लेनला मागून कडेच्या फळीवर आपटलं. तो उठला, हेल्मेट काढून त्याच माणसाशी भांडला, लोक उभे राहून ओरडत होते. ब्रेकमध्ये डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, बोटं किती विचारलं, पाठ थोपटून सोडलं.

नंतर बाथरूममध्ये ग्लेनला उलट्या झाल्या. विमानातलं सँडविच बाधलं म्हणे. माझ्या पर्समध्ये इनो होतं, ते दिलं. तोंड वाकडं करून प्यायला. "इंडियन मेडिसिन," म्हणाला सगळ्यांना. गुडघा मात्र छान साथ देतोय. त्याचं श्रेय मी घेणार.

२ मे २००४

सीझन संपला. तळापासून दुसरे आलो. मॅनेजर टेड ब्रनिगन म्हणाला, पहिलं वर्ष असंच असतं, पुढच्या वर्षी बघा. टेडचं बोलणं ऐकलं की खरंच वाटतं. बायकोचं एकही हसू न विसरणाऱ्या नवऱ्यासारखा तो प्रत्येक गोल आठवून सांगतो.

१२ फेब्रुवारी २००५

आज अरीनात "इंडियन नाइट" होती. ही कल्पना टेडची. एडिसनमध्ये एवढे इंडियन्स आहेत, ते आले तर स्टेडियम भरेल! मला म्हणाला, "तू आण." मी मराठी मंडळात फुकट तिकिटं वाटली. चार कुटुंबं आली. जगन्नाथकाकांनी स्वेटरवर शाल घेतली होती. त्यांनी मला वरून हाक मारून विचारलं, "वल्लरी, यात ओव्हर किती असतात गं?" अर्ध्या मॅचनंतर काकूंना थंडी सोसेना. जाताना काका म्हणाले, "पोरं जीव तोडून खेळतात. पण बघायला कोणी नाही, वाईट वाटतं."

वरच्या मजल्यावर आता काळा पडदा लावलाय. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसू नयेत म्हणून. नंतर कळलं की टीव्हीवाले या वर्षी येणारच नाहीत. पडदा तरी राहिला.

आठवी हार. लागोपाठ.

१९ मार्च २००५

ग्लेनला जेवायला बोलावलं. त्याचं विमान उद्या सकाळी होतं, हॉटेलात एकटा बसणार होता. मी मसाला कमी घालून कोंबडी केली. घरातही त्याने गॉगल काढला नाही. इशिताने विचारलंच, "व्हाय आर यू वेअरिंग शेड्स इनसाइड?" तो म्हणाला, "कारण तुझ्या आईच्या किचनमधली ट्यूब फार ब्राइट आहे." ती खिदळली. मग मी दिवा बंद करून फक्त कोपऱ्यातला लॅम्प ठेवला. छान वाटत होतं, एखाद्या रेस्टॉरंटसारखं.

त्याने त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. तळं गोठलेलं असेतोवर ते मुलांना उन्हाळ्याची वाट बघायला लावायचे, आणि बर्फ वितळला की आइस हॉकीच्या रिकाम्या रिंकमध्ये लॅक्रॉसच्या काठ्या देऊन सोडायचे. जेवणानंतर तीच गोष्ट पुन्हा सांगितली. शब्द न शब्द तोच.

तो गेल्यावर भांडी विसळताना सिद्धेश म्हणाला, "तुझा कॅप्टन बरा आहे ना गं?"

"का?"

"एकच गोष्ट दोनदा सांगितली. आणि मला दोनदा विचारलं, तू काय काम करतोस."

"तुझे राजारामकाका एकच गोष्ट दहा वेळा सांगतात."

"काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, वल्लरी."

मी म्हटलं, दोन बिअर झाल्या होत्या त्याच्या, आणि दमलेला होता. आठवडाभर छपरावर, शनिवारी मार. तुला टीमबद्दल पहिल्यापासून राग आहे. तो ताट पुसत राहिला. थोड्या वेळाने सांगितलं, ईडन प्रेरीला नवा प्रोजेक्ट आहे, पर्मनंट होऊ शकेल. मिनेसोटा. तिथेही क्लिनिक्स आहेत, व्हिसा ट्रान्सफर होतो, त्याने चौकशी केली आहे.

"अजून एक सीझन," मी म्हटलं.

त्याने टॉवेल घडी करून ठेवला.

५ जून २००५

सिद्धेश गेला. इशिता माझ्यापाशी. विमानतळावर तिने त्याचा हात सोडला नाही. आम्ही ठरवलंय, पुढच्या उन्हाळ्यात मी जाईन. फोनवर रोज बोलायचं.

मला स्वार्थी म्हणतील. म्हणोत. बाकी सगळीकडे मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी एम्प्लॉयी. अरीनात सतरा माणसं माझी वाट बघतात.

४ फेब्रुवारी २००६

आजची गंमत लिहून ठेवायलाच हवी.

दुसऱ्या सत्रात ग्लेनला जोरात धडक बसली. कार्पेटवर पडला तो लगेच उठला नाही. मी आणि डॉक्टर धावत गेलो. तोवर तो उठून बसला होता, हसत होता. डॉक्टरांनी नेहमीचं सगळं केलं. कोचने विचारलं, "जाऊ शकतो?" डॉक्टर म्हणाले, "तोच सांगेल." ग्लेन म्हणाला, "गुड टु गो."

बेंचवरून आत उडी मारायच्या आधी तो माझ्या कानाशी वाकला. "डॉक, आपण कुठल्या बाजूला मारतोय?"

मी हसले. त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला वळवलं आणि बोट दाखवलं. "तिकडे." तो गेला, आणि एका मिनिटात गोल मारला! सरळ माझ्या बोटाच्या दिशेने. अख्खा बेंच हसून लोळला. टेड म्हणाला, हे पुढच्या वर्षीच्या बॅनरवर टाकू.

हरलो, पण थोडक्यात.

सिद्धेशला फोनवर ही गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "तू काय केलंस?" म्हटलं सांगितलं ना, दिशा दाखवली. मग म्हणाला, इथे उणे वीस आहे.

२५ मार्च २००६

ग्लेनची बायको शेली हिचा फोन आला होता. आम्ही भेटलेलो नाही, पण ती महिन्यातून एकदा फोन करते, नवरा खातो का, झोपतो का. आज विचारत होती की इथे तो चिडतो का. घरी मुलांवर ओरडतो म्हणे, मग स्वतःच रडतो. मी म्हटलं, इथे तर गाईसारखा असतो. हरण्याचं टेन्शन घरी निघत असेल. ती म्हणाली, हो, तसंच असेल.

२२ एप्रिल २००६

शेवटची मॅच. समोरच्या बाजूला इतकी कमी माणसं होती की कोण कुणाला हाक मारतंय ते ऐकू येत होतं. गाणी मात्र तेवढ्याच मोठ्याने. मॅच संपल्यावर टेडने लॉकर रूममध्ये भाषण केलं. मालक थोडे नाराज आहेत, पण नवीन पार्टनर येतोय, पुढचा सीझन आपला आहे. कुणी टाळी वाजवली नाही. फायरमन जो आहे तो बूट काढत राहिला.

ग्लेन उठला आणि म्हणाला, "टेड म्हणतोय ना, मग येईल." त्याचा विश्वास बघून मलाही धीर आला. उन्हाळ्यात मिनेसोटाला जायचं कबूल केलंय. सिद्धेशला अजून सांगितलेलं नाही की मी थोडं थांबावं म्हणतेय. नवीन पार्टनर आला तर.

९ ऑगस्ट २००६

टीम बंद झाली.

मला कुणी कळवलं नाही. क्लिनिकमध्ये एका पेशंटने पेपर पुढे केला. "ही तुमचीच टीम ना?" आतल्या पानावर, हायस्कूलच्या सॉकरच्या खाली, चार ओळी. खंड्याचं चित्र नव्हतं.

टेडचा फोन लागत नाही. दुपारी अरीनात माझं टेबल आणायला गेले. लॉकर रूमच्या दारावर दुसऱ्याच कुणाचं तरी कुलूप. आतला एक माणूस कार्पेटच्या गुंडाळ्या ट्रकमध्ये चढवत होता. त्याला म्हटलं, माझं टेबल आत आहे. म्हणाला, आत काहीच नाही, मॅम, सगळं गेलं. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.

गाडीत बसून रडले. मग डोळे पुसून इशिताला समर कॅम्पमधून आणलं.

१४ सप्टेंबर २००६

बंद पडलेल्या टीमचे खेळाडू बाकीच्या टीम्स वाटून घेतात. फोनवर नावं वाचतात. आज ते झालं. संध्याकाळी ग्लेनचा फोन.

"डॉक, यादी संपली. माझं नाव वाचलं नाही त्यांनी."

"तुझा गुडघा सगळ्यांना माहीत आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"गुडघा बरा आहे. तू सांगशील का त्यांना? गुडघा बरा आहे म्हणून."

मी हो म्हटलं. कुणाला सांगायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन केला त्याने, आणि पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. फार मनाला लावून घेतलंय.

३० नोव्हेंबर २००६

मी गेले नाही, शेवटी सिद्धेशच परत आला. तिकडचं पर्मनंट त्याने सोडलं. इशितासाठी, म्हणाला. इथे त्याला साधीशी नोकरी मिळालीये. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. तो सकाळी कॉफी करून माझा कप झाकून ठेवतो आणि निघून जातो.

शनिवारी काय करायचं ते मला सुचत नाही. ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत जाते, कढीपत्ता घेते, परत येते.

१८ सप्टेंबर २००७

जवळजवळ वर्षभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज शेलीचा मेसेज होता, ग्लेनने छपरांचं काम सोडलं. का ते तिने सांगितलं नाही. फोन करायला हवा होता. उद्या करते.

१३ जानेवारी २००८

काल दुपारी अरीनातून फोन आला. सिक्युरिटीवाला. एक माणूस खेळाडूंच्या दाराशी बसलाय, हलत नाही, त्याच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर आहे.

सिद्धेश म्हणाला, मी चालवतो.

अरीनात मॉन्स्टर ट्रकचा शो होता. पार्किंग भरून वाहत होतं, लहान मुलं कानाला ते मोठे हेडफोन लावून रांगेत उभी. इतकी गर्दी आमच्या एकाही मॅचला नव्हती. मागच्या दाराशी ग्लेन बॅगेवर बसला होता. दाढी केलेली, टाय लावलेला. काठी मांडीवर. ऑन्टारियोहून एकटा गाडी चालवत आला होता.

"डॉक! दार बंद आहे. टेडला सांग ना."

"ग्लेन, आज मॅच नाही."

तो हसला, मी थट्टा करतेय असं वाटून. आतून इंजिनांचा आवाज आला, भिंत थरथरली, लोक ओरडले. त्याचा चेहरा उजळला. "ऐक. फुल हाउस आहे." मग घाबरला. "वॉर्म-अप सुरू झाला. मला उशीर झाला, डॉक, सगळे थांबले असतील."

मी सांगितलं, टीम बंद झाली, दीड वर्ष झालं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याला फार वाईट वाटलं, डोळ्यात पाणी आलं. मी त्याचा हात धरला. थोड्या वेळाने आत पुन्हा आवाज झाला आणि त्याने विचारलं, "आज कुणाशी आहे?"

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा त्याच्या डोळ्यात पाणी. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार, तोच सिद्धेश पुढे आला, त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मॅच पुढे ढकलली, ग्लेन. बर्फामुळे."

"कधी आहे?"

"कळवतील. तोवर आमच्याकडे चल."

ग्लेनने सुटकेचा श्वास सोडला. आकाश निळंशार होतं, बर्फाचा कण नाही. त्याने वर पाहिलंच नाही.

घरी त्याने चार घास खाल्ले. इशिता आता दहाची आहे, त्याच्या शेजारी बसून टीव्ही बघत राहिली, काही विचारलं नाही. सोफ्यावरच झोप लागली त्याला. सिद्धेशने त्याचे बूट काढले, टाय सैल केला, अंगावर आमची रजई घातली. मी बघत होते. हा माणूस माझ्या टीमला नावं ठेवायचा.

रात्रीच फोन केला होता, आज सकाळी शेली आली. त्याची गाडी परत न्यायला बरोबर भावाला आणलं होतं. मी मोठी, धिप्पाड बाई कल्पिली होती. ही माझ्या खांद्याएवढी. आधी त्याच्याकडे गेली, कॉलर सरळ केली. तो म्हणाला, "तू कशी इथे?" ती म्हणाली, "मॅच बघायला."

भावाने त्याला गाडीत बसवलं तेव्हा आम्ही दोघी ड्राइव्हवेवर उभ्या होतो. तिने सांगितलं की वर्षभर असंच आहे. करवत चालू ठेवून निघून गेला होता, म्हणून काम बंद. मुलांची नावं चुकतात. डॉक्टर बरे होण्याबद्दल काही बोलत नाहीत. फक्त एकच विचारतात, हे सुरू कधी झालं?

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "घरी तो असायचाच किती! आठवडाभर छपरांवर असायचा. विकेंडला तुझ्यापाशी असायचा. तुला तेव्हा काही दिसलं होतं का, वल्लरी? काहीही?"

मी खरंच आठवून पाहिलं. उगाच उत्तर दिलं नाही. त्याचा गुडघा आठवला, तो हसायचा ते आठवलं.

"नाही," मी म्हटलं. "गुडघ्याशिवाय काही नव्हतं."

सिद्धेश मागे दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो आत निघून गेला.

शेलीने मान हलवली. मग मला घट्ट मिठी मारली. तिच्या कोटाला लाकडाच्या भुशाचा वास होता. कानाशी म्हणाली, "बाकीच्या कुणावर माझा भरवसा नव्हता. पण तू तिथे असायचीस, म्हणून मी निवांत झोपायचे."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. दोन्ही गाड्या कोपऱ्यावरून वळल्या, दिसेनाशा झाल्या. आतून इशिता हाका मारत होती, "आई, इट्स फ्रीझिंग, कम इन!" तरी मी तिथेच उभी राहिले. माझे पाय का हलत नव्हते, ते अजून कळलेलं नाही.